मुकादमाचा आवाज

आमच्या घराण्यात दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. एक, जेवताना वाद घालायची खोड आणि दुसरी, थायरॉईड. पहिलीवर औषध नाही. दुसरीवर आहे आणि तेही अगदी साधं, रोज सकाळी अनशापोटी एक बारीकशी गोळी. आई, दोन मावश्या, एक मामेबहीण आणि आता मी. लग्नकार्यात भेटलो की आम्ही बायका एकमेकींना साडीची किंमत विचारायच्या आधी "तुझा किती आला?" असं विचारतो. काय किती, हे सांगावं लागत नाही. :-)

तो "किती" म्हणजे टीएसएच. हल्ली हा आकडा आपण वजन सांगावं तितक्या सहज सांगतो. सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. पण या आकड्याच्या मागे जरा वाचत गेले तेव्हा कळलं की तो मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या वाटेवर मेंढ्या आहेत, बेडकांची पिल्लं आहेत, न्यूयॉर्कमधली एक अडगळीची खोली आहे आणि आपलं परळही आहे. आणि आकडा नव्हता तेव्हा या आजाराच्या बाईला सगळ्यात आधी काय सिद्ध करावं लागायचं, तर आपण आजारी आहोत हे! मला हा सगळा इतिहास त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

सुरुवात लंडनपासून करू. १८७३ मध्ये विल्यम गल नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिथल्या एका वैद्यकीय सभेत काही प्रौढ बायकांची हकीगत मांडली. चेहरा सुजल्यासारखा, जीभ जड, आवाज घोगरा, हालचाल मंद. गल यांनी वर्णन फार बारकाईने केलं, पण हे कशाने होतं ते त्यांना सांगता आलं नाही. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या दुखण्याला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. नाव मिळालं, कारण मात्र अजून पक्कं व्हायचं होतं.

ते पक्कं झालं शस्त्रक्रियेमुळे, तेही चुकून. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड घरोघरी. बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांचा गलगंडाच्या शस्त्रक्रियेत हातखंडा होता. ग्रंथी इतकी सफाईने काढायचे की काही मागे राहायचं नाही. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची अशी संपूर्ण ग्रंथी काढली. काही वर्षांनी तिच्या गावच्या डॉक्टरांकडून समजलं की पोर पार बदलली आहे. पुढे कोखरनी तिला स्वतः पाहिलं. तिची वाढ खुंटली होती, बुद्धी मंदावली होती आणि धाकटी बहीण उंचीने तिच्या पुढे गेली होती. कोखरनी आपल्या जुन्या रुग्णांना बोलावून तपासलं, तर पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेकांचं थोड्याफार फरकाने हेच झालेलं. १८८३ मध्ये त्यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं. १८८८ मध्ये लंडनच्या समितीचा अहवाल आला आणि त्यात गल यांच्या बायका, कोखर यांचे रुग्ण आणि डोंगराळ भागात जन्मतः खुरटलेली मुलं या तिन्हींचं मूळ एकच ठरलं. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी काम करत नाही, एवढंच.

मग औषध फार लांब नव्हतं. १८९१ मध्ये न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. बाई सुधारली. सुधारली म्हणजे किती? तर आणखी २८ वर्षं जगून १९१९ मध्ये गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० पेक्षा जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. पुढे १९१४ च्या ख्रिसमसच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतलं मूळ द्रव्य, म्हणजे थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळं केलं. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये ते प्रयोगशाळेत बनवताही आलं.

आता गंमत बघा. औषध १८९१ पासून हाताशी, पण ते कोणाला द्यायचं आणि किती द्यायचं हे ठरवायला मोजपट्टीच नाही! ज्या बाईचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला तिचं निदान कोणीही करेल. पण जी नुसतीच थकते, जिचे केस गळतात, पाळी बिघडते, वजन वाढतं, भर उन्हाळ्यात जिला शाल लागते, तिचं काय?

मोजायचे प्रयत्न झाले. १८९५ मध्ये बर्लिनमध्ये अॅडॉल्फ मॅग्नस-लेव्ही यांनी दाखवलं की थायरॉईड जास्त झालं तर माणूस पडल्यापडल्याही जास्त प्राणवायू वापरतो आणि कमी झालं तर कमी. त्यावरून चाचणी आली ती चयापचयाचा मूळ वेग मोजायची. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी निपचित पडायचं, नाक चिमट्याने बंद करायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. आता नाक दाबून यंत्राला जोडलेला माणूस शांत कसा राहणार? घाबरला की आकडा वाढला. पुढे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायची पद्धत आली. ती खूपच बरी होती, पण रुग्णाने आयोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं किंवा एखाद्या एक्स-रेसाठी आयोडीनचं द्रव्य टोचून घेतलं की हिशोब बिघडला. किरणोत्सारी आयोडीन पाजून ग्रंथी त्यातलं किती ओढून घेते हेही मोजायचे. अनुभवी डॉक्टर मात्र एक साधी युक्ती करत. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून उभं करायचं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकं ठोकायचं. पाऊल झटका मारतं. थायरॉईड कमी असलं तर ते जागेवर परत येताना रेंगाळतं.

या सगळ्या चाचण्या विचारत होत्या एकच प्रश्न, ग्रंथी किती काम करते? खरं उत्तर मिळालं ते प्रश्न बदलल्यावर.

त्याचं मूळ बेडकांच्या पिल्लांत आहे. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडकाच्या डिंभकांना, आपण ज्यांना लहानपणी मासे समजून बाटलीत भरायचो त्यांना, थायरॉईड खाऊ घातलं. वाढ पुरी व्हायच्या आतच त्यांचे इवलेसे बेडूक झाले. १९१६ मध्ये फिलिप स्मिथ आणि बेनेट अॅलन या दोन अमेरिकनांनी वेगवेगळ्या ठिकाणी उलटं केलं. त्यांनी डिंभकांच्या मेंदूखालची चिमुकली पिट्युटरी ग्रंथी काढून टाकली. थायरॉईडला हातही लावला नव्हता, तरी ती सुकली आणि पिल्लांचे बेडूक कधी झालेच नाहीत. म्हणजे थायरॉईड आपल्या मर्जीने चालत नाही, तिच्यावर वरून कोणीतरी आहे. १९२९ मध्ये पिट्युटरीचा अर्क टोचून गिनीपिगची थायरॉईड ग्रंथी चेतवून दाखवली गेली आणि त्या अर्कातल्या द्रव्याला नाव पडलं थायरॉईडला उत्तेजन देणारं संप्रेरक. तेच आपलं टीएसएच.

हे नातं मला नेहमी गिरणीतल्या मुकादमासारखं वाटतं. पिट्युटरी मुकादम, थायरॉईड कामगार. कामगार नीट काम करत असला तर मुकादम अधूनमधून हाळी देतो. काम ढिलं पडलं की आवाज चढवतो आणि माल गरजेपेक्षा जास्त येऊ लागला की गप्प बसतो. म्हणून थायरॉईड कमी पडलं की टीएसएच वाढतो आणि थायरॉईड जास्त झालं की टीएसएच खाली जातो. नव्याने रिपोर्ट हातात आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. "वाढलंय, मग कमी कसं म्हणता?" वाढलाय तो मुकादमाचा आवाज!

आणि हा मुकादम भलताच तिखट कानांचा. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभर पटीपर्यंत चढू शकतो. म्हणजे कामगाराच्या मालात डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी घट झाली तरी मुकादमाची आरडाओरड गिरणीबाहेर ऐकू येते. कामगाराचा माल मोजण्याऐवजी मुकादमाचा आवाज मोजावा, हे शहाणपण तिथून आलं.

कळलं, पण वळणार कसं? रक्तात टीएसएच असतो किती? एका लिटर रक्तद्रवात साधारण एका ग्रॅमचा ५० लाखावा भाग. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घ्या आणि त्यात अर्धा ग्रॅम मीठ टाका. मग तलावातलं चमचाभर पाणी घेऊन सांगा मीठ किती. आणि त्याच पाण्यात मिठासारखीच दिसणारी दुसरी हजार द्रव्यं याच्या कैक पट जास्त प्रमाणात विरघळलेली आहेत, हेही लक्षात ठेवा. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या पद्धतीने हे होणं शक्यच नव्हतं.

म्हणून १९५० च्या दशकात प्राण्यांवर मोजमाप चाले. गिनीपिगच्या किंवा उंदराच्या थायरॉईडमध्ये किरणोत्सारी आयोडीन भरून ठेवायचं, मग रुग्णाचं रक्तद्रव टोचायचं आणि ग्रंथीतून किती आयोडीन बाहेर पडलं ते पाहायचं. यातून एक मोठा शोध लागला. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये अॅडम्स आणि पर्व्हस यांना थायरॉईड वाढलेल्या रुग्णांच्या रक्तात असं काहीतरी सापडलं, जे टीएसएचसारखंच काम करतं पण त्याचा परिणाम कितीतरी जास्त वेळ टिकतो. पुढे कळलं की ते शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध बनवलेलं प्रतिपिंड आहे. मुकादम गप्प आहे आणि कोणी तोतयाच ओरडतोय! पण निरोगी माणसाच्या रक्तातला टीएसएच भरवशाने मोजावा इतकी ताकद या पद्धतीत नव्हती.

ती ताकद आली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून. रोझलिन यॅलो ही भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट. बाईमाणूस आणि त्यात ज्यू, तेव्हा शिकायला जागा मिळेल याची खात्री नाही, म्हणून एका शास्त्रज्ञाकडे लघुलेखनाचं काम धरायची तयारी केलेली. १९४७ मध्ये या रुग्णालयात आल्यावर तिची पहिली प्रयोगशाळा म्हणजे सफाई कामगारांची सामान ठेवायची खोली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर तिच्या जोडीला आले आणि पुढची बावीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. त्यांना आढळलं की इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्यांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं होत नाहीत असं तेव्हा मानत, त्यामुळे निबंध परत आला. शेवटी शीर्षकातला 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावर तो १९५६ मध्ये छापला गेला. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि पुढे कौतुकाने लोकांना दाखवलं. :-)

या प्रतिपिंडांतूनच त्यांना मोजायची युक्ती सुचली. संगीत खुर्ची आठवते? समजा खुर्च्या शंभर. लाल टोपीवाले दोनशे जण आधीच मोजून ठेवलेत. त्यात बिनटोपीच्या किती जणांना सोडलं ते माहीत नाही. गाणं थांबलं की खुर्च्यांवरच्या लाल टोप्या मोजायच्या. टोप्या कमी दिसल्या म्हणजे बिनटोपीवाले जास्त घुसलेत. खुर्च्या म्हणजे प्रतिपिंडं, लाल टोपीवाले म्हणजे किरणोत्सारी आयोडीन लावलेलं संप्रेरक आणि बिनटोपीवाले म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं संप्रेरक. १९५९-६० मध्ये त्यांनी या पद्धतीने इन्सुलिन मोजून दाखवलं. पद्धतीचं नाव रेडिओइम्युनोअॅसे, सगळे म्हणतात आरआयए. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. जगभरातून येणाऱ्यांना आपल्या प्रयोगशाळेत शिकवून परत पाठवलं. बर्सन १९७२ मध्ये गेले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

१९६५ मध्ये रॉबर्ट युटिगर यांनी आणि त्याच सुमारास ओडेल व सहकाऱ्यांनी ही पद्धत माणसाच्या टीएसएचला लावली. ते सोपं नव्हतं. शुद्ध मानवी टीएसएच मिळवायचा तर मृतांच्या पिट्युटरी गोळा करून त्यातूनच. शिवाय टीएसएचचा रेणू दोन तुकड्यांचा आणि त्यातला एक तुकडा स्त्रीबीज वाढवणाऱ्या आणि गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकांतही जसाच्या तसा. त्यामुळे सुरुवातीच्या प्रतिपिंडांची कधीकधी फसगत व्हायची, गरोदर बाईच्या रक्तात नसलेला टीएसएच दिसायचा. पण थायरॉईड कमी असलेल्या रुग्णाचा टीएसएच इतका वर चढलेला असे की तो चुकणं शक्यच नव्हतं. निदानाला पहिल्यांदा खणखणीत साक्षीदार मिळाला.

आपल्याकडे हा साक्षीदार आला तो परळमार्गे. १९६३ मध्ये, टाटा मेमोरियलच्या अॅनेक्स इमारतीत, आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावणाऱ्या त्या वस्तीत किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडची तपासणी आणि उपचार होऊ लागले. पुढे आरआयएची साधनसामग्री देशातच बनू लागली आणि १९८९ मध्ये त्यासाठी 'ब्रिट' ही अणुऊर्जा खात्याची स्वतंत्र शाखा झाली. खुणेसाठी वापरायच्या आयोडीन-१२५ ची किरणोत्सारिता सुमारे ६० दिवसांत निम्मी होते, म्हणजे माल साठवून ठेवायची सोय नाही. त्यामुळे प्रयोगशाळा नमुने साठवायची आणि मग एकदम घाणा काढायची. रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागत ते यामुळे.

आमच्या थोरल्या मावशीचा रिपोर्ट याच जमान्यातला. ती कऱ्हाडकडची. गावच्या भजनी मंडळात तिचा आवाज पहिला. तिशी ओलांडल्यावर तो आवाज बसला तो बसलाच. मग वजन वाढलं, केस विरळ झाले, दळण-कांडण रेंगाळायला लागलं. सासरी शब्द पडला, "सुस्तावलीय." डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, मन रमवा म्हणून सांगितलं. चार-पाच वर्षं अशीच गेली. १९८३ मध्ये ती एका लग्नासाठी मुंबईला आमच्याकडे आली आणि आईने तिला ओढतच मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेवर हातोडी मारली, आईकडे बघून मान हलवली आणि रक्त घेतलं. दहा दिवसांनी टाईप केलेला कागद आला. टीएसएच १०० च्या वर.

आई सांगते, तो कागद मावशीने घडी करून पोलक्यात ठेवला. गावी गेल्यावर सासूबाईंपुढे उलगडला आणि म्हणाली, "आत्याबाई, बघा, हा आळस नव्हता." सासूबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं पाणी स्वतः भरायला लागल्या. गोळ्यांनी सूज महिन्या-दोन महिन्यांत उतरली. आवाज यायला जवळजवळ वर्ष लागलं. पहिल्यासारखा वरच्या पट्टीत नाही, पण आला.

पुढचा इतिहास मी भरभर सांगते. संगीत खुर्चीची पद्धत वरच्या आकड्यांना उत्तम होती, खालच्यांना नाही. बिनटोपीचे दोन घुसले की शून्य, हे शंभर खुर्च्यांत कसं कळणार? त्यामुळे थायरॉईड जास्त झालेल्यांमध्ये, म्हणजे मुकादम पार गप्प झालेला असताना, 'हळू बोलतोय' आणि 'बोलतच नाही' यातला फरक कळत नसे. त्यासाठी मुकादमाला डिवचायची चाचणी होती. पिट्युटरीला चेतवणारं संप्रेरक, ज्याची रचना १९६९ मध्ये उलगडली होती, ते टोचायचं आणि अर्ध्या तासाने बघायचं की टीएसएच वाढतो का. दोन उपायांनी ही कटकट संपवली. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत शोधली. आणि स्पर्धेऐवजी 'सँडविच' आलं. एक प्रतिपिंड टीएसएचला एका बाजूने धरून ठेवतं, दुसरं दिवा घेऊन दुसऱ्या बाजूला चिकटतं. टीएसएच नाही तर दिवाही नाही, नुसता अंधार. अंधारात एक पणती लागली तरी दिसते. पहिल्या पिढीच्या चाचण्यांना १ च्या खालचं फारसं दिसत नसे. १९८० च्या दशकात ०.१ दिसू लागलं आणि दशक संपता संपता ०.०१ च्या आसपास. किरणोत्साराच्या जागी रासायनिक प्रकाश आला, यंत्रं आली, दहा दिवसांचे काही तास झाले. परळच्या त्याच केंद्रात काम केलेले ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये भायखळ्याला थायरोकेअर सुरू केली. देशभरातून नमुने विमानाने एका जागी आणायचे आणि रातोरात तपासायचे, असं गणित बसवून त्यांनी ही चाचणी सामान्यांच्या खिशात आणली.

या आकड्याचं सगळ्यात मोठं काम मात्र ज्यांना तक्रारच करता येत नाही त्यांच्यासाठी झालं आहे. जन्मतः थायरॉईड नसलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी साधं दिसतं. शांत बाळ, रडत नाही, खूप झोपतं. आजी म्हणते, "गुणाचं आहे गं!" लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि ते भरून निघत नाही. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ दुसो यांनी टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर सगळ्या नवजात बाळांची तपासणी सुरू केली. आधी थायरॉक्सिन, मग टीएसएच. त्यातही एक मेख आहे. जन्मल्याबरोबर गार हवेने बाळाचा टीएसएच एकदम उसळतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणून रक्त नाळेतून तरी घ्यायचं किंवा दोन दिवस थांबून टाचेतून. भारतात हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा आजार असल्याचं आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसलं, जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर अशी तपासणी सुरू केली, देशात पहिल्यांदा. देशभर प्रत्येक बाळाची ती होते असं मात्र अजूनही नाही. तेव्हा घरात बाळ येणार असेल तर बारशाच्या यादीच्या वर ही एक ओळ लिहून ठेवा. टाचेतला एक थेंब, बस्स.

आता दुसरी बाजू. जो आकडा साक्षीदार म्हणून आला तो हळूहळू न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू लागला आहे. माझी मामेबहीण ५.२ घेऊन गेली आठ महिने हैराण आहे. थकवा, चिडचिड, गुडघेदुखी, सगळं त्या ५.२ च्या खात्यावर. तिला दोन लहान मुलं आहेत आणि ती रात्री पाच तास झोपते, हे कुठल्याच रिपोर्टात छापलेलं नाही. २०१७ मध्ये युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांमध्ये, ज्यांचा टीएसएच थोडाच वाढलेला पण थायरॉक्सिन ठीक होतं, त्यांना गोळ्या देऊन लक्षणांत काहीही फरक पडला नाही. हे वयस्करांबद्दल आहे, गरोदर बायकांचं गणित निराळं, तेव्हा कोणी हे वाचून आपल्या गोळ्या बंद करू नका, कृपया! आणि डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासून जिवाला घोर लावूनही घेऊ नका.

आणि आकडा नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल, असंही नाही. मुकादमच आजारी पडला तर? बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या काही बायकांची पिट्युटरी ग्रंथीच मरते. शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं. अशा बाईचं थायरॉईड कमी असतं, पण ओरडायला मुकादमच नाही, त्यामुळे टीएसएच नॉर्मल किंवा कमीच दिसतो. नुसत्या टीएसएचवर विसंबलं तर तिला पुन्हा "काही झालेलं नाही" हेच ऐकावं लागणार, आणि तेही छापील कागदासकट. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांचे आकडे फसतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे. म्हणून रक्त द्यायला जाताना आपण काय काय घेतो ते सांगायला विसरू नये.

मला वाटतं, गल यांच्या त्या बायकांपासून आमच्या मावशीपर्यंत सगळ्यांना हवं होतं ते इतकंच, की कोणीतरी त्यांचं ऐकावं. दीडशे वर्षांत मुकादमाचा आवाज आपण इतका स्पष्ट ऐकायला शिकलो की कुजबुजही सुटत नाही. कामगाराला काय होतंय ते मात्र अजूनही त्यालाच विचारावं लागतं. त्या डॉक्टरीणबाईंनी १९८३ मध्ये दोन्ही केलं होतं. रक्त घेण्याआधी त्यांनी मावशीला विचारलं होतं, "आवाज कधी बसला हो तुमचा?" मावशी म्हणते, पाच वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.